चौथ्या जागेचा गाळ

तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, पोटातली रेती ओकायला खाऱ्या पाण्यात ठेवल्या की मी त्यांच्यावर वर्तमानपत्र झाकते. अंधार झाला की त्या निर्धास्त होतात, नळ्या बाहेर काढतात आणि पाण्याच्या पिचकाऱ्या मारतात. नाझुनाला तेच बघायचं होतं, म्हणून ती दर दोन मिनिटांनी कागदाचं टोक उचलत होती.

"आई, ही थुंकली! माझ्यावर थुंकली!"

"तू तिला स्वस्थ बसू देत नाहीस. मग थुंकेल नाही तर काय करेल?"

मे महिन्यातला शुक्रवार, दुपारचे साडेतीन. सकाळच्या ओहोटीला बालवाडीची मुलं नव्या उथळ किनाऱ्यावर तिसऱ्या वेचायला गेली होती. अठरा मुलं, अठरा जाळीच्या पिशव्या. नाझुना पाच वर्षांची. रस्सा आपण एकटीच पिणार, बाबांना देणार नाही, असं तिने बसमध्येच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

पाणी बदलायला मी परात उचलली. तळाशी करडी रेती साचली होती आणि त्या रेतीत तांबडं काहीतरी होतं. आधी वाटलं खेकड्याच्या कवचाचा तुकडा. मग दुसरा दिसला. मग परात तिरकी केली तर मूठभर निघाले. कवच बोटांत दाबलं तर मोडतं. हे मोडलं नाही, बोटाला लागलं. गंजासारखा डाग, आणि वास.

तो वास मला माहीत होता. तीन वर्षं मी आमच्या गावच्या मरीनाच्या, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या बंदराच्या, कचेरीत काम करत होते. होड्या उतरणीवरून वर ओढल्या की त्यांच्या पोटांवर हाच तांबडा रंग असतो. शिंपले चिकटू नयेत म्हणून तो बुडाला लावतात, आणि चिकटत नाहीत कारण त्यात विष असतं. आताचा रंग पुष्कळ सौम्य आहे. जुना मी शाळेत असतानाच बंद झाला. त्या रंगाने बंदरातल्या गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटायचे. कॉलेजात जीवशास्त्राच्या तासाला हे ऐकून आम्ही मुली तोंडावर वही धरून हसलो होतो.

मी तिसऱ्या दोन पिशव्यांत गाठ मारून कपाटाच्या वर ठेवल्या. नाझुना रडायला लागली. मी तिला तशीच ओढत मोरीत नेलं आणि ब्रशने तिची नखं घासली. नखांच्या आतसुद्धा तांबडं होतं. "दुखतंय, आई," ती म्हणाली तेव्हा मी थांबले.

मग मी फरशीवर बसले. त्या किनाऱ्याचा गाळ कुठून आला हे मला कुणाला विचारावं लागणार नव्हतं. त्याचे कागद मीच केले होते.

*

आमच्या मरीनाच्या पश्चिमेला नदी येऊन मिळते आणि वर्षानुवर्षं गाळ आणून टाकते. ओहोटीला शिडाच्या होड्या तळाला टेकायला लागल्या, तेव्हा गाळ काढायचं ठरलं. काढणं सोपं असतं, तो टाकायचा कुठे हा खरा प्रश्न. तपासणीत बिनविषारी, चांगला निघाला तर जवळच त्याचा उथळ किनारा करता येतो, तिसऱ्यांचं बी पेरता येतं, मुलं खेळतात, पेपरात फोटो येतो. वाईट निघाला तर दूरच्या मोठ्या बंदरात भिंतींनी बंद केलेल्या खड्ड्यात न्यावा लागतो आणि वरून झाकावा लागतो. चांगला की वाईट हे सहा जागी खुपसलेल्या सहा नळ्या ठरवतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते नमुने घ्यायला बेप्पु-सान आले होते. तपासणी कंपनीतला तरुण माणूस, नाक थंडीने लाल झालेलं. हातात नकाशा, नकाशावर सहा ठिपके. चौथा ठिपका होड्या वर ओढायच्या उतरणीच्या बरोबर समोर होता आणि त्याच्यावर मरीनातल्या होड्या दुरुस्त करणाऱ्या इशिमोरी काकांची होडी उभी होती.

"ही जरा सरकवता येईल का? दहा मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले.

मरीनाचे प्रमुख कुराहाशी-सान माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे.

इशिमोरी काकांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. गेलेला माणूस एकोणपन्नास दिवस घराच्या आसपास असतो असं इथे मानतात, आणि त्या माणसाचं घर म्हणजे घरापेक्षा होडीच जास्त. त्यांची बायको, तोकिए काकू, रोज सकाळी यायची, होडीवर चहाचा पेला ठेवायची, भाताची वाटी ठेवायची आणि तासभर बसायची. आताही ती दोरखंडांच्या पेटीवर बसली होती, आमच्यापासून वीस पावलांवर.

"काकूंना विचारून येऊ?" मी म्हणाले.

"आत्ता? तिला?" कुराहाशी-सान दबक्या आवाजात म्हणाले. "अगं, काही काळवेळ आहे की नाही?"

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं, तोंड उघडायचं आणि होडी हलवा म्हणायचं, हे मला जमलं नसतं. बेप्पु-साननी काय ते ओळखलं. त्यांनी टोपी काढली, होडीकडे वळून वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मग आपण चाळीस मीटर पुढे घेऊ. तळ सगळा सारखाच असणार."

आम्ही तिघंही तेव्हा मनातून खूश होतो, काहीतरी बरं वागल्यासारखं. मी फॉर्मवर लिहिलं, "जागा चार: अडथळ्यामुळे सरकवली," आणि शिक्का मारला.

सहाच्या सहा नमुने चांगले निघाले. उन्हाळ्यात गाळ उपसणारा ड्रेजर आला तेव्हा सगळ्या होड्या हलवल्या, इशिमोरी काकांचीसुद्धा, आणि तिच्याखालचा गाळही उपसला गेला. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही की इथली नळी राहिलीच होती. कागद एकदा पास झाला की तो परत उघडून कोण बघतं? मीही बघितला नाही.

*

चार वाजता मी कुराहाशी-सानना फोन केला. त्यांच्याकडे टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या लागल्या होत्या.

"तिसऱ्यांत बुडाचा रंग निघालाय," मी म्हणाले.

"कुणाच्या तिसऱ्यांत?"

"माझ्या. म्हणजे नाझुनाच्या. नव्या किनाऱ्यावरच्या."

"हात्तिच्या! मला वाटलं काय झालं. अगं, रंग कुठूनही येतो. कुणाची जुनी बादली असेल, फुटकं तरंगतं पिंप असेल..."

"मूठभर आहे. नखाएवढे तुकडे. तिच्या नखांत पण होतं."

पलीकडे कुणीतरी मल्ल आपटला, लोक ओरडले. मग टीव्ही बंद झाल्याचं कळलं.

"चौथी जागा," मी म्हणाले.

"फोनवर नको." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "हे बघ, मी स्वतः जाऊन खणून बघतो. तोवर कुणाला बोलू नकोस. काही नसलं तर उगाच अठरा घरांत बोंब होईल. अर्धा तास दे मला."

मी बरं म्हणाले.

अठरा घरांत परातीत तिसऱ्या भिजत होत्या आणि संध्याकाळी अठरा घरांत त्यांचा रस्सा होणार होता. हे मला माहीत होतं. फोन हाताशी होता. भिंतीवर बालवाडीच्या नंबरांची यादी लावलेली होती. मी अर्धा तास दिला, मग आणखी अर्धा. फोन आला नाही. मी लावला तर कुणी उचलेना. सव्वापाचला मी नाझुनाला सायकलच्या मागच्या सीटवर बसवलं आणि मरीनाला गेले.

कचेरीला कुलूप होतं. उतरणीजवळ तोकिए काकू होडीवर पाईपने पाणी मारत होती.

"काय गं, पोरीला घेऊन? नवऱ्याशी भांडलीस वाटतं. ये, ये, होडीत दोघींपुरती जागा आहे."

"काकू, काका होड्यांची बुडं कुठे खरवडायचे?"

"हे काय विचारणं झालं? इथेच की. तू उभी आहेस तिथे. चाळीस वर्षं." तिने पाईप उतरणीच्या तोंडाकडे वळवला. "खरवडायचं, पाणी मारायचं, सगळं खाली. पाणी असं लाल व्हायचं की नवा माणूस घाबरायचा. कपडे मी वेगळे धुवायची त्याचे. आणि समोरच्या तिसऱ्या? एक दिवसही मला खाऊ दिल्या नाहीत. विकत आण म्हणायचा. म्हणायचा, या सगळ्या मी आतून रंगवल्यात."

ती हसली. मी हसले नाही हे तिच्या लक्षात आलं.

मग मी सगळं सांगितलं. फेब्रुवारी, ठिपका, होडी, एकोणपन्नास दिवस, चाळीस मीटर, आजची परात. सांगताना वाक्यं पुढेमागे होत होती. नाझुना माझी बाही ओढत होती. काकूने नळ बंद केला.

"मी तिथे पेटीवर बसले होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि मला विचारलं नाहीत."

"तुम्हाला त्रास नको म्हणून, काकू. आम्हाला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं!" तिचा आवाज चढला. "मी रोज तासभर बसायचे ते कशासाठी? कुणीतरी येईल, दोन शब्द बोलेल. सगळे लांबून माना वाकवायचे आणि सटकायचे. होडी सरकव म्हणाला असतात तर मी त्या म्हाताऱ्याला चार शिव्या घालून सरकवली असती. बरं वाटलं असतं मला. आणि वर सांगितलं असतं की बाबांनो, इथे नळी घालताय खरं, पण काय निघेल ते मला विचारा."

इतकं सोपं होतं ते. वीस पावलं चालत जायचं होतं. एवढ्याशा गोष्टीचं उत्तर वर्षभर त्या पेटीवर बसलं होतं, आणि आम्ही तिघांनी त्याला नमस्कार करून पाठ फिरवली होती.

"आज कुणी खाल्ल्या का?" काकूने विचारलं. मी घड्याळ बघितलं. "अगं, मग इथे काय करतेस? फोन कर!"

*

पाच पंचवीसला मी बालवाडीच्या तानिओ बाईंना फोन केला. बाईंनी मला दोनदा सगळं सांगायला लावलं, मग म्हणाल्या, "देवा. थांबा, यादी सुरू करते."

आमच्या बालवाडीत निरोप यादीने जातो. बाई पहिल्या घराला फोन करतात, पहिलं घर दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला. अठरावं घर उलट बाईंना फोन करून सांगतं की पोचलं. मधलं कुणी गाळायचं नाही, पुढचं कुणी आधी गाठायचं नाही. माझा नंबर अकरावा. अठराव्या नंबरवर सातोए.

सातोए ही या गावातली माझी पहिली मैत्रीण. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. प्रसूतीच्या दवाखान्यात आमचे पलंग शेजारी होते. तिचा तात्सुकि नाझुनापेक्षा चार दिवसांनी मोठा. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत आहे. मी बाईंना म्हणाले, "सातोएला मीच सांगू का सरळ?"

"नको, क्रमानेच जाऊ दे," बाई म्हणाल्या. "एकाला दोनदा जातो आणि एक राहून जातो. मागच्या वादळात तेच झालं."

आणि मी पुन्हा बरं म्हणाले. उतरणीवर उभं राहून. काकू माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे पाठ केली.

सातोएचा नवरा गोदीत रात्रपाळीला जातो, म्हणून ते लवकर जेवतात. निरोप तिच्यापर्यंत पोचला तेव्हा सहाला पाच कमी होते. तिने बाईंना फोन केला आणि बाईंनी मला.

"सातोए-सानकडे जेवणं झालीत," बाई म्हणाल्या. "तात्सुकि दोन वाट्या रस्सा प्यायला."

बाकीच्या सतरा घरांत कुणी खाल्लं नव्हतं. सतरा!

मी घरी परतत असताना मला कुराहाशी-सान दिसले. नव्या किनाऱ्याच्या बांधावर ते बसले होते, फावडं मांडीवर आडवं, रबरी बुटांत पाणी भरलेलं, पँट मांडीपर्यंत चिखलाची. सायकल थांबवली तरी त्यांनी वर बघितलं नाही.

"नऊ खड्डे खणले," ते म्हणाले. "सातांत निघालं."

"पहिल्यात निघालं तेव्हाच फोन का नाही केलात?"

"मला वाटलं पुढच्यात नसेल."

वाळूत ओळीने खड्डे होते आणि त्यांत भरतीचं पाणी शिरत होतं. इतकी वर्षं बंदर सांभाळलेला माणूस. तो इशिमोरी काकांबरोबर रोज दुपारी डबा खायचा, ती लाल पाण्याची उतरण त्याच्या खिडकीसमोर होती. त्याला त्या दिवशी आठवलं कसं नाही? "आठवलं होतं?" मी विचारलंच.

त्यांनी एक बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. "आठवलं होतं," ते म्हणाले. "पण तोकिए तिथे बसली होती ना."

त्यांनीच मग माझ्यासमोर सरकारी कचेरीत फोन लावला आणि आपलं नाव, हुद्दा, सगळं नीट सांगितलं.

*

शनिवारी सातोए तात्सुकिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, दोन वाट्यांनी काही होत नसतं, हे रोज वर्षानुवर्षं पोटात गेलं तर धोका, रक्त तपासू, महिन्याने परत या. हे मला बाईंकडून कळलं. मी सातोएला चार वेळा फोन केला. तिने उचलला नाही.

रविवारी बालवाडीच्या हॉलमध्ये सगळे जमलो. मोठी माणसं मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पुढे बेप्पु-सान उभे होते. त्यांनी सकाळी किनाऱ्यात नळी खुपसून आणलेला नमुना लांबट पन्हळीत उघडा ठेवला होता. वर करडी रेती, आणि वीतभर खाली विटेसारखा तांबडा पट्टा. एक आजोबा उठले, जवळ जाऊन बघून आले आणि परत बसले. बेप्पु-सान सांगत होते की सगळा किनारा उपसून बंद खड्ड्यात नेणार, तिसऱ्यांसकट, उद्यापासून दोर बांधणार. सांगताना त्यांची मान वर येत नव्हती.

कुराहाशी-सान वाकले. "जबाबदारी माझी आहे," ते म्हणाले आणि वाकलेलेच राहिले.

मी उठले. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. "जागा सरकवल्याचं मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "शिक्का माझा आहे. तोकिए काकूंना विचारायचं होतं, ते मी विचारलं नाही. त्यांचा यात काही दोष नाही."

काही बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, मुलांनी हात चोखले असतील त्याचं काय? बेप्पु-साननी डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगितलं. दुसरीने विचारलं, बी पेरलेल्या तिसऱ्यांचं काय? त्याचंही उत्तर झालं. मी अजून उभीच होते. बसावं की नाही कळत नव्हतं.

सातोए खिडकीजवळ बसली होती. ती उठली नाही. सभेत विचारतात तसं नाही, ओट्याशी उभी राहून विचारते तसं तिने विचारलं,

"तुला किती वाजता दिसलं गं?"

"साडेतीनला."

"आणि बाईंना फोन कधी केलास?"

"पाच पंचवीसला."

हॉलमध्ये खुर्च्यांची कुरकुर थांबली. "आम्ही साडेपाचला बसलो जेवायला," सातोए म्हणाली. कुणावर ओरडायचं असतं तसा तिचा चेहरा नव्हता. ती काहीतरी समजून घेत होती आणि ते तिला समजत नव्हतं. "कुराहाशी-सान म्हणाले थांब, म्हणून थांबलीस?"

"हो."

"मग नाझुनाने काय खाल्लं त्या दिवशी?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. सुचलंही नसतं.

"ऑम्लेट-भात."

"कधी?"

"पाचला. तिला भूक लागली होती."

सातोएने मान हलवली. ती उठली, बाहेर व्हरांड्यात तात्सुकि आणि नाझुना ठोकळे रचत होते तिथे गेली आणि तात्सुकिला हाताला धरून बुटांच्या कपाटापाशी आणलं. गुडघ्यावर बसून तिने त्याच्या बुटाचा पट्टा लावला. तो नीट लागला नाही, तिने सोडला, परत लावला. "आई, मी अजून खेळतोय," तात्सुकि म्हणाला. तिने त्याचा दुसरा बूट पुढे ओढला.

दार लागलं. मी हॉलच्या मधोमध उभी होते. माझ्या शेजारच्या बाईने आपली छोटी खुर्ची उचलली, आवाज होऊ न देता, आणि दोन हात पलीकडे नेऊन ठेवली.